कंसातले साल

प्रकल्पवह्या तपासताना शेवटच्या पानावर 'संदर्भ : विज्ञानाची पुस्तके' एवढेच लिहिलेले आम्हाला अनेकदा दिसते. कोणते विधान कोणाचे आणि कधीचे, याचा पत्ता नसतो.

या प्रश्नाला हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी 1881 साली एक साधे उत्तर दिले. बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांचे फलन व विभाजन यांवरच्या सुमारे साडेचारशे पानी शोधनिबंधात त्यांनी लेखकाच्या नावाला साल जोडून ते कंसात घातले. तळटिपेत खुलासाही केला : या आकड्यावरून यादीतला लेख सापडेल, शिवाय तो साधारण कधीचा हे पाहताक्षणी कळेल. त्या विषयात याला फार महत्त्व होते. शुक्रपेशी व अंडपेशी यांची केंद्रके एकत्र येतात हे ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री अर्चिनमध्ये दाखवले ते 1876 साली. फलनाविषयीचे एखादे मत त्याआधीचे की नंतरचे, यावरच त्याचे वजन ठरणार! हीच पुढे 'हार्वर्ड पद्धत' म्हणून ओळखली गेली.

1978 साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले. त्यांनी स्वीकारली अनुक्रमांकाची पद्धत. तिच्यात जागा वाचते, वाक्यही सुटसुटीत राहते. पण 7 म्हणजे कोण, हे पाहायला शेवटचे पान उघडावे लागते.

शाळेसाठी आम्हाला नाव-सालच बरे वाटते. समजा, एका वहीत ग्रह 9 आहेत, दुसरीत 8. पहिल्या वहीतल्या कंसात 1995 आणि दुसरीतल्या कंसात 2010 असेल, तर मधल्या काळात काय घडले, असे वर्गातले कोणीतरी विचारतेच. मग 2006 सालच्या प्लूटोच्या निर्णयाची गोष्ट सांगता येते.