सोळास नऊची चौकट

संगणक शिकवणारे व्हिडिओ एडिट करणं हे माझं काम. जुनं स्क्रीन रेकॉर्डिंग टाइमलाइनवर ओढलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या राहतात आणि शिकाऊ मुलं लगेच चित्र ताणून त्या बुजवायला जातात. त्यांचा हात मी तिथेच धरते. त्या पट्ट्यांमागे शंभरावर वर्षांचा इतिहास आहे.

एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सननं ३५ मिमी फिल्मवर दर चौकटीला चार छिद्रं ठेवली, तेव्हा चित्राचा आकार आला चारास तीन. पुढे टीव्हीनं तोच उचलला. संगणकाचे मॉनिटरही तेव्हा टीव्हीसारख्याच काचेच्या नळीचे होते, त्यामुळे ६४०×४८०, ८००×६००, १०२४×७६८ ही सगळी मापं त्याच घराण्यातली.

प्रेक्षक टीव्हीपुढे बसू लागल्यावर सिनेमा मात्र रुंद झाला. १९५३ साली ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये आला, आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तचा ‘कागज के फूल’. मग एकाच पडद्यावर हे सगळं दाखवायचं कसं?

याचं उत्तर १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्यानं काढलं, आणि मला ते फार आवडतं. त्यानं प्रचलित आकारांचे, सारख्याच क्षेत्रफळाचे आयत मध्य जुळवून एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला आयत, दोन्ही जवळपास एकाच प्रमाणाचे निघाले: १.७७. म्हणजेच सोळास नऊ. सोळास नऊ ही अशी सर्वांची सोय पाहून काढलेली तडजोड आहे. एकाला सामावण्यासाठी दुसऱ्याला वाकडं करायचं नाही, हे तिच्या मुळातच आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये यूट्यूबचा प्लेअर सोळास नऊ झाला आणि तोवरची चारास तीनची रेकॉर्डिंगं एकदम अरुंद दिसू लागली. १०२४×७६८ चं चित्र १२८०×७२० मध्ये न ताणता बसवलं तर ते ९६०×७२० होतं, दोन्हीकडे १६० पिक्सेल रिकामे राहतात. राहू द्यावेत. ताणलं की गोल बटणं लंबगोल होतात, अक्षरं फुगतात, आणि शिकणाऱ्याला स्वतःच्या पडद्यावरचं बटण ओळखू येत नाही.

सोळास दहाच्या पडद्याचं दुखणं सोपं. १९२०×१२०० मधल्या १२० ओळीच जास्तीच्या असतात. वरची टॅबची पट्टी आणि खालचा टास्कबार यांतून त्या कापता येतात, मजकुराला धक्का न लावता. नवीन रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मी आधीच सांगते: रेकॉर्डिंगची चौकट १९२०×१०८० ठेवा, विंडो तिच्यात बसवा, मगच बटण दाबा.