धक्क्याने घडवलेलं माझगाव

माझगावात जो आला, तो पाण्यावरून आला. मुंबईच्या सात बेटांपैकी हे एक. मूळ वस्ती कोळी-भंडाऱ्यांची. पोर्तुगीजांनी १६३२ मध्ये इथे ग्लोरिया चर्च बांधलं. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने बेटावर स्वारी केली आणि माझगावच्या किल्ल्यात तळ ठोकला. भंडारवाड्याच्या टेकडीवर १८८४ मध्ये जलाशय झाला. आज त्यावर बाग आहे आणि बागेला नाव आहे काका बॅप्टिस्टांचं.

काका याच मातीतले. १८६४ साली माथारपाखाडीत जन्मलेले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, पेशाने बॅरिस्टर, लोकमान्यांचे जिवलग. १९१६ मध्ये होमरूल लीगचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. माथारपाखाडीत आजही लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, बाहेरून चढणारे जिने आणि वळणावरचा क्रूस दिसतो. या घरांतली जुनी माणसं आपसात मराठीच बोलत आली. जवळच नवाब टँक रोडवर कॅन्टनहून आलेल्या चिनी खलाशांनी उभारलेलं देऊळ आहे.

आमच्या कोकणी माणसाचं माझगाव म्हणजे भाऊचा धक्का. पूर्वी बोटीतून उतरलं की चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात भराव घालून धक्का बांधला. माझे आजोबा रत्नागिरीला पडावातून बोटीवर चढले आणि डोक्यावर ट्रंक घेऊन इथे उतरले. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या घरात पावसाळ्यात कुणी बोटीचं नाव काढत नसे.

वडील माझगाव डॉकात फिटर होते. इथे १७७४ पासून गोदी आहे. १९६० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका 'निलगिरी' १९७२ मध्ये याच गोदीतून नौदलात गेली. तिच्या पाइपांना वडिलांचा हात लागलेला. घरी आले तरी नखांतलं ग्रीस जात नसे.

आता पूर्व किनाऱ्याच्या जमिनीच्या विकासाचे आराखडे निघतात. विकास जरूर व्हावा. पण धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच, पहाटेचा मासळीचा लिलाव आणि गोदीतला कामगार यांची जागा त्यात आधी आखली पाहिजे. माझगाव त्यांच्या श्रमावर उभं राहिलं. किनाऱ्यावर पहिला हक्क त्यांचाच आहे.