‘एकच प्याला’ : व्यसनाची कथा की अपमानाची?

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. त्याआधी महिनाभर, २३ जानेवारी १९१९ रोजी, नाटककाराचे निधन झाले होते. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारे बोधप्रधान नाटक ही या कृतीची रूढ ओळख. ही ओळख चुकीची नसली, तरी अपुरी आहे. कारण एका सुशिक्षित तरुणाच्या मनात व्यसन कसे रुजते, याचे नाटकातील सूक्ष्म दर्शन तिच्यामुळे झाकले जाते.

या ओळखीमागे इतिहास आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील दारूचे उत्पादन व विक्री सरकारी महसुलाशी घट्ट बांधली गेली. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांविरुद्ध चळवळ उभी राहिली. अशा वातावरणात दारू हीच सर्वनाशाचे मूळ मानली जाणे, आणि नाटकाच्या शीर्षकातील पहिल्या प्याल्यालाच शोकांतिकेचे कारण समजले जाणे, स्वाभाविक होते.

संहिता मात्र वेगळा क्रम मांडते. सुधाकर हा बुद्धिमान, तापट आणि मानी तरुण वकील. न्यायालयातील प्रसंगानंतर त्याची सनद काही काळ रद्द होते, आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. म्हणजे प्याल्याच्या आधी जखम आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळातील इतर मंडळी मौजेसाठी आणि संगतीसाठी पितात. सुधाकर स्वतःपासून सुटण्यासाठी पितो. दारू एकच, पण तिचे मानसिक प्रयोजन निराळे. पुढे सिंधूची निरपेक्ष क्षमाशीलताही त्याला सावरू शकत नाही. उलट, आपल्या अधःपाताची तीच सतत साक्षीदार असल्याने त्याची लज्जा अधिकच गडद होते, असेही म्हणता येईल.

मानसशास्त्राने हा भेद पुढे स्वतंत्रपणे मांडला. आल्फ्रेड आडलर यांचा न्यूनत्वभावनेवर आधारलेला मज्जाविकृतीविषयक ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. परंतु गडकऱ्यांचे निरीक्षण सिद्धान्तातून नव्हे, तर भोवतालच्या समाजातून आलेले दिसते. १९५२ मध्ये ई. एम. जेलिनेक यांनी मद्यासक्तीच्या अवस्थांचे विवरण केले. मद्यपीच्या आयुष्याच्या अवस्था सुधाकरही रामलालपुढे मांडतो, हे साम्य लक्षणीय आहे. १९९४ मध्ये एम. लिन कूपर यांनी किशोरवयीनांच्या मद्यपानामागील चार प्रेरणा वेगळ्या केल्या : उल्हास वाढविणे, संगतीचा आनंद, समूहाच्या दबावाला मान देणे आणि मनःक्लेशावर उतारा शोधणे. यांपैकी शेवटच्या प्रेरणेचा संबंध केवळ पिण्याच्या प्रमाणाशी नव्हे, तर पिण्यातून उद्भवणाऱ्या समस्यांशी थेट जुळतो. सुधाकर याच वर्गात बसतो.

तथापि नाटकाचे खरे मर्म सुधाकर व भगीरथ यांच्या तुलनेत आहे. प्रेमभंगामुळे दारूकडे वळलेला भगीरथही तरुण आणि दुखावलेलाच आहे. रामलाल त्याच्यावर विश्वास टाकतो, त्याच्यापुढे लोकसेवेचे ध्येय ठेवतो, आणि भगीरथ सावरतो. सुधाकरही दारू सोडण्याचा निश्चय करतो. पण काम मागू जाता त्याच्या पदरी जुन्या ओळखीच्यांची अवहेलना पडते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. पहिल्या प्याल्यामागे अपमान होता, तसाच या पुनःपतनामागेही आहे. म्हणून दोघांच्या नियतीतील अंतर केवळ इच्छाशक्तीच्या कमीअधिकपणातून स्पष्ट होत नाही. परतीच्या वाटेवर समाजाने कोणाला उभे राहू दिले, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

पुढे १९४९ च्या कायद्याने मुंबई प्रांतात दारूबंदीचा मार्ग अवलंबिला गेला, तर १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी व्यक्तीकडे उपचारास पात्र माणूस म्हणून पाहिले. पहिल्या दृष्टीला प्याला दिसतो, दुसरीला तो उचलणारा हात. समीक्षेने बराच काळ पहिलीच दृष्टी उसनी घेतली. म्हणूनच सुधाकर एक इशारा म्हणून लक्षात राहिला, माणूस म्हणून नव्हे. गडकऱ्यांच्या संहितेत मात्र दोन्ही दृष्टी एकत्र नांदतात, आणि नाटकाच्या पुनर्वाचनाची गरज तेथूनच सुरू होते.