होम थिएटरचा आवाज मध्येच कट होतोय? आधी हे तपासा

परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कूलर सुरू होतात. तेव्हाच होम थिएटरचा आवाज कट होऊ लागला, तर लगेच नवा सेट घेऊ नका. आधी ऑक्स वायर लावून पाहा. वायरवर गाणं सलग वाजलं, तर अडचण ब्लूटूथची. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतं, पण वायफाय आणि मायक्रोवेव्हही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या. फोन खिशातून बाहेर काढा. आपलं शरीरही लहरी अडवतं.

वायरवरही कट होतंय? पिन हलवून पाहा, खरखर आली तर वायर बदला. कूलर सुरू होताच सेटची लाइट लुकलुकली, तर व्होल्टेज पडतंय. दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवू नका.