बेगमी : शब्द आणि वास्तव

आमच्या उर्दू शाळेत मराठीच्या तासाला 'वर्षाची बेगमी' हे शब्द आले. एका मुलीने विचारले, "सर, बेगमी म्हणजे बेगमची का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र रास्त होता. 'बेगम' हा तुर्की शब्द; उर्दूत तो गाफने लिहितात. 'बेगमी' झाला फारसी 'बे' आणि अरबी 'गम' यांपासून. तो गैनने लिहितात. देवनागरीत दोन्हींचा 'ग' एकच, म्हणून हा घोटाळा.

बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती. बहमनी, निजामशाही, आदिलशाही कारभारातून फारसी शब्द मराठीत आले, त्यांतलाच हा एक. मराठी माणसाने मात्र घरातल्या धान्याच्या साठ्यालाच हे नाव दिले. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी बेगमी लोकांच्या तोंडी राहिली.

साठा आणि गम यांचे नाते महाराजांनी नीट ओळखले होते. 1670 च्या दशकात चिपळूणकडच्या छावणीतील अंमलदारांना त्यांनी पत्राने बजावले, की पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-गवत आधीच उधळलात तर घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेला नाडाल. म्हणजे फौजेचा साठा संपला, की गम कुणब्याच्या दारात.

आमच्या बीड जिल्ह्याने हा गम पुष्कळ पाहिला. 1630 च्या सुमारास दख्खन दुष्काळात होरपळत होते आणि 1631 च्या आरंभी शहाजहानच्या फौजेने धारूरचा किल्ला निजामशाहीकडून घेतला. 1972 च्या दुष्काळात घरोघरची बळदे रिकामी झाली. माणसे खडी फोडायला गेली. सुकडी आणि अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो खाऊन जगली. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्च झालेली असते. मुले आईबापांबरोबर जातात आणि शाळांतले बाक रिकामे होतात.

त्या दिवसापासून मी मुलांना बेगमीचे दोन्ही अर्थ लिहायला लावतो. साठा हा मराठी, निश्चिंती हा फारसी. पहिला घरात असेल, तरच दुसरा खरा.