मामा तलाव आणि १९५१ साल

मी मूळचा चिचगडचा, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातला, आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला. आजचा भाग आपल्या मामा तलावांवर. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत हं, 'माजी मालगुजारी'!

गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी पूर्व विदर्भात तलाव बांधले. लहान बोड्या सोडल्या तरी सहा हजारांवर. हिशेब साधा होता. आपल्याकडे पाऊस भरपूर, पण सगळा तीन-चार महिन्यांत. धानाला मात्र ऐन गर्भात असताना पाणी लागतं, आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. म्हणून जोराचा पाऊस तलावात अडवायचा आणि गरजेला बांधीत सोडायचा. पाळ, सांडवा, गाळ, सगळ्याची देखभाल मालगुजार गावाकडून करून घ्यायचा. ते काही रामराज्य नव्हतं, बेगारही होतीच. पण तलावाला कुणीतरी धनी होता.

तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. तिथल्या सरकारने १९५० मध्ये कायदा केला, तो १९५१ पासून लागू झाला. मालगुजारी गेली, चिचगडसारख्या जमीनदाऱ्याही गेल्या. ते योग्यच झालं. तलाव सरकारजमा झाले, पण दरवर्षी पाळीवर माती टाकायची कुणी, हे ठरलंच नाही. गाळ साचला, बेशरम माजली, काठावर अतिक्रमणं झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम चालू, मेंटेनन्सला कुणीच नाही!

आता दुसरा धागा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. मध्य भारताच्या पावसाच्या नोंदी, साल १९५१ ते २०००. आपला गोंदियाही त्याच पट्ट्यात येतो. निष्कर्ष काय? मोसमातला एकूण पाऊस फारसा बदलला नाही. पण अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आणि मध्यम पाऊस कमी झाला. पुढे २०१७ मध्ये त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी जवळपास तिप्पट झाली.

तारखा जुळवून बघा. ज्या काळात पाऊस असा धो-धो आणि मग गायब व्हायला लागला, त्याच काळात तो साठवणारी भांडी पोरकी झाली.

जगभर आज हवामान बदलाशी 'जुळवून घेणं' यावर परिषदा होतात. आपल्याकडे ती सोय आधीच बांधलेली आहे. नुसता एकदा गाळ काढून भागणार नाही, दरवर्षीची जबाबदारी कुणाची हे ठरायला हवं. बहुतेक लहान तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या तलावाची पाळ यंदा कोण बघणार?

भेटू पुढच्या भागात!