जोडलेल्या निगेटिव्ह, मांडलेली हाडे

छायाचित्रातील फेरफाराची चर्चा संगणकापासून सुरू करण्याची रूढी पडली आहे. इतिहासदृष्ट्या ती टिकणारी नाही. १८५८ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सन याने ‘फेडिंग अवे’ हे चित्र सिद्ध केले. क्षयाने मृत्युपंथाला लागलेली तरुणी, तिच्याजवळ दोन स्त्रिया, खिडकीशी पाठमोरा उभा असलेला पुरुष. हे दृश्य कॅमेऱ्यासमोर कधी घडलेच नव्हते. पाच निगेटिव्ह एकाच कागदावर, दर वेळी उरलेला भाग झाकून, क्रमाने छापून ते घडविलेले होते. मुलगी तर ठणठणीत होती. अनेक प्रेक्षकांना हे चित्र असह्य वाटले.

ही अस्वस्थता जोडकामामुळे होती काय? तसे म्हणता येत नाही. कोलोडिअनची काच निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असे. जमीन नीट उमटावी तर आकाश कोरे पडे. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे याने आपल्या काही समुद्रचित्रांत आकाश व पाणी वेगवेगळ्या निगेटिव्हांवरून छापले, आणि त्या चित्रांची वाखाणणीच झाली. मरणशय्या रंगविणाऱ्या चित्रकारालाही कोणी जाब विचारीत नसे. रॉबिन्सनचा अपराध एवढाच की, प्रेक्षकांनी ज्या माध्यमाला साक्षीदार मानले होते त्याच्याकडून त्याने कल्पित वदवून घेतले. कलास्वातंत्र्याचा प्रश्न येथे तंत्राचा नसून वाचनसंकेताचा आहे, असे मला वाटते.

योगायोग असा की, त्याच वर्षी फेलिचे बिआतो लखनौत होता. सिकंदरबागेच्या त्याच्या छायाचित्रात भग्न वास्तूपुढे कवट्या आणि हाडे विखुरलेली आहेत. काही भारतीय माणसे व एक घोडा मागे दिसतो. लढाई नोव्हेंबर १८५७ ची, चित्र त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेले. हाडे चित्रासाठी उकरून मांडली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथे निगेटिव्ह एकच आहे, काचेला कोणी हात लावलेला नाही. फेरफार झाला तो जमिनीवर. निगेटिव्हच्या अखंडतेलाच प्रामाण्य देणाऱ्या समीक्षेला हे चित्र निर्दोष ठरवावे लागेल! रॉबिन्सनची नायिका काम संपताच उठून घरी जाऊ शकत होती. सिकंदरबागेतील मृतांना मात्र दुसऱ्यांदा रणांगणावर यावे लागले, आणि तेही जेत्यांच्या विजयकथेसाठी. त्या चित्राच्या शीर्षकात ९३ वी हायलँडर्स आणि चौथी पंजाब या पलटणींची नावे आहेत. मृतांचा केवळ आकडा आहे, २,०००.